खेळांतील इंधन

मोटारींच्या शर्यतीचा ‘अ‍ॅस्फाल्ट ९’ हा खेळ २०१८ सालीं मोबाइलवर आला आणि पुढच्याच वर्षीं निन्टेंडोच्या ‘स्विच’ या हातांत धरून खेळावयाच्या यंत्रावर. हिमालयाच्या घाटांतून, कैरोच्या रस्त्यांतून गाडी उधळते, हवेंत गिरकी घेते, ‘नायट्रो’ची कळ दाबतांच क्षितिज अंगावर धांवून येतें. पण कांहीं शर्यती झाल्या कीं ती गाडी थांबते. इंधन संपलें! टाकी भरेपर्यंत वाट पाहावी, नाहीं तर टोकनें मोजावीं. आणि टोकनें खऱ्या पैशानेंही मिळतात.

पडद्यावरील निव्वळ प्रकाशाच्या गाडीचें पेट्रोल संपावें, हें सकृद्दर्शनीं हास्यास्पद वाटतें. परंतु हंसण्यापूर्वीं एका आक्षेपाचा विचार करणें प्राप्त आहे. खेळांत कृत्रिम नसतें तरी काय? बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञानें ‘द ग्रासहॉपर’ या १९७८ च्या ग्रंथांत खेळाचें लक्षणच असें बांधलें कीं, अनावश्यक अडथळे स्वेच्छेनें पत्करून ते ओलांडूं पाहणें म्हणजे खेळ. गोल्फचा चेंडू हातानें उचलून खळग्यांत टाकणें सर्वांत सोपें. पण तसें करणाराला खेळाडू कोण म्हणेल? खो-खोंत पाठलाग करणारानें मधली रेषा ओलांडूं नये, हाही असाच निष्कारण निर्बंध. मग इंधनानेंच काय पाप केलें?

माझ्या मतें भेद आहे. रेषेचा निर्बंध खेळाडूच्या अंगीं कांहीं तरी उत्पन्न करतो : दम, नजर, योग्य क्षणीं खो देण्याची समज. वळणाचेंही तसेंच, दहा वेळां कठड्यावर आदळल्यावर अकराव्या वेळीं तें साधतें. (गाडी वळविण्याचें काम यंत्राच्याच हवालीं करणारी ‘टचड्राइव्ह’ नांवाची सोय याच खेळांत आहे, ती गोष्ट तूर्त बाजूस ठेवूं.) रिकाम्या टाकीपुढें मात्र निष्णात आणि नवशिका सारखेच हतबल. हा अडथळा कोणी कौशल्यानें जिंकावा, अशी तो उभारणाराचीच इच्छा नसते.

खेळ फुकट दिला, तर निर्मात्यानें पोट कसें भरावें? प्रश्न रास्त आहे. कारागिराला मोल मिळालेंच पाहिजे. तें एकदांच, उघडपणें घ्यावें. मुलाच्या अधीरतेच्या ऐन क्षणीं त्याच्यापुढें किंमत मांडणें मला व्यापारापेक्षां अडवणुकीच्या अधिक जवळचें वाटतें.

टाकी रिकामी झाली कीं कित्येक आयांना हायसें वाटतें. निदान मूल उठलें तरी! पण पैसे टाकून जी विश्रांति टाळतां येते, तिच्यांतून संयम कसा अंगीं बाणावा? मूल यंत्र खालीं ठेवतें खरें. त्याचे डोळे मात्र घड्याळावर खिळलेले असतात.