देव नाही अशी जागा



आजचा श्लोक गीता ६.१०. योग्याने एकांतात राहावं, आशा आणि संग्रह सोडावा, असं भगवंत सांगतात. मार्च २०२० पासूनचा आपला एकांत लादलेला होता, आणि संग्रह तर आपण वाढवलाच, डाळ-तांदळापासून डेटा पॅकपर्यंत!

मी ते वर्ष पुसेगावात लॅपटॉपसमोर काढलं. आपल्याच जिल्ह्यातलं औंढा नागनाथ तेव्हा कित्येक महिने बंद होतं. तिथलीच कथा आहे: विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडलेले. नामदेवराय रागावले, तर म्हणाले, देव नसेल तिथे उचलून ठेव. नामदेवरायांना तशी जागा सापडलीच नाही.

श्रावणात बाबा गेले. हरिपाठाला ते बसायचे तो पाट रिकामा. विसोबांचे पाय तिथेही ठेवता आले नसते, हे पटायला मला बरेच महिने लागले. आता मीटिंगच्या आधी त्याच पाटावर बसतो. आई टाळ वाजवते.