एकदाच्या होऊन जाऊ दे

गेल्या हंगामात अंकुशनगरला आमच्या शेजारच्या मुलीला कांजण्या आल्या. सासूबाई म्हणाल्या, "आपल्या बाळ्याला पाठव खेळायला. एकदाच्या होऊन जाऊ दे. मोठेपणी लई त्रास होतो."

त्यांना अडाणी म्हणायचं कारण नाही. मोठ्या वयात कांजण्या जास्त त्रास देतात हे खरंच आहे. मी मुलाला पाठवलं. मुद्दाम.

लसीचं मला माहीत होतं. डॉक्टरांनी दीड वर्षाच्या आत पहिला डोस घ्या म्हणून सांगितलं होतं. पण गोवर-रुबेलाची लस सरकार फुकट देतं, कांजण्यांची सरकारी यादीतच नाही. दोन्ही डोस विकत घ्यायचे. जी फुकट देत नाहीत ती काही फार गरजेची नसणार, असा हिशेब मी केला. (फुकट दिली असती तर 'फुकट का देतायत?' हीही शंका आलीच असती.) ही लस जपानच्या मिचिआकी ताकाहाशींनी १९७४ साली तयार केली. त्याआधी दहा वर्षं त्यांचा स्वतःचा मुलगा कांजण्यांनी फार आजारी पडला होता. आईबापाची भीती तीच. त्यांनी त्यातून लस काढली, मी मुलाला शेजारी धाडलं.

दोन आठवड्यांनी पुरळ उठलं. लिंबाचा पाला, खाज, आठ दिवस शाळा बंद. बाळ्या बरा झाला. तो विषाणू आता जन्मभर त्याच्या नसांमध्ये दडून राहणार, आणि कधीतरी नागीण होऊन उठूही शकतो. हे मला नंतर कळलं.

पण माझी झोप उडाली ती दुसऱ्याच गोष्टीने. ऊसतोडीच्या टोळीतली एक बाई आमच्याकडे पाण्याला यायची. सातवा महिना. पुरळ दिसायच्या आदल्याच दिवशी तिने बाळ्याला मांडीवर घेऊन भरवलं होतं. कांजण्या अंगावर दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरतात. गरोदरपणात त्या आईच्या फुफ्फुसावर जाऊ शकतात, बाळंतपणाच्या तोंडावर झाल्या तर बाळाच्या जिवावर बेततात. आणि गरोदर बाईला ही लस देतही नाहीत. तिचं रक्षण तिच्या हातात नसतंच, ते आजूबाजूच्या पोरांच्या हातात असतं. म्हणजे माझ्या.

मी विचारलं, "लहानपणी झाल्या होत्या का तुला?"

"काय माहीत ताई. माय असती तर सांगितलं असतं."

दवाखान्यात चल म्हटलं. एक दिवस बुडाला तर खाडा लागतो, उचलीतून कापतात, म्हणाली. मी फार आग्रह केला नाही.

'माझं मूल, माझा निर्णय' हे वाक्य मी तोवर किती सहज म्हणायचे! अर्थात लस विकत घेतली असती तरी सगळं सुटलं नसतंच. फक्त ऐपतवाल्यांनी घेतली तर आजार कमी होतो पण संपत नाही, आणि उरलेल्यांना तो मोठ्या वयात गाठतो. म्हणून तर जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरकारी कार्यक्रमात ही लस आणायची तर निदान ८० टक्के मुलांपर्यंत पोचवा. ते माझ्या हातात नव्हतं. पोराला शेजारी न पाठवणं होतं.

आठ दिवसांत टोळी दुसऱ्या फडावर गेली. पुढे कारखान्याचा पट्टा पडला, माणसं गावी परतली. आता ती बाळंत झाली असेल.

तिच्या मुकादमाचा नंबर माझ्याकडे आहे. अजून लावलेला नाही.