एका धन्याच्या घरीं
(इफिसकरांस पत्र, अध्याय २, वचनें ११ ते २२)

दोन माणसांचें पटत नसलें म्हणजे त्यांचें कुत्र्यामांजराचें वैर आहे असें आपण म्हणतों, आणि हें वैर जन्माचें, तें मिटावयाचें नाहीं, असें समजून स्वस्थ बसतों. परंतु तें खरोखर तसें आहे काय?

कुत्रा आनंदला म्हणजे शेपूट हालवितो; मांजर चिडलें म्हणजे शेपूट आपटतें. कुत्रा खेळावयास म्हणून झेप घेतो. मांजरास तो हल्ला वाटून तें पळतें. तें पळालें कीं कुत्रा पाठीस लागतो. एकाची खूण दुसऱ्यास कळत नाहीं, येथें पुष्कळशा भांडणाचें मूळ आहे.

इ. स. २००८ सालीं इस्राएल देशांतील तेल अवीव विद्यापीठाच्या संशोधकांनीं कुत्रा व मांजर एकत्र पाळणाऱ्या घरांची पाहणी प्रसिद्ध केली. बहुतेक घरांत दोघांचें सख्य आढळलें. मांजरें परस्परांस भेटतांना नाकास नाक लावितात. मांजरासंगतीं राहिलेले कुत्रेहि ही रीत शिकलेले दिसले. मांजर ६ महिन्यांच्या व कुत्रा १ वर्षाच्या आंतील असतां ओळख झाली, तर सख्य अधिक सुलभ होतें, असेंहि आढळून आलें.

आतां एखादें भटकें मांजर पाळीव कुत्र्याच्या दारीं आलें, तर शहाणा धनी काय करितो? तो कुत्र्यास दोरानें बांधितो, मांजरास चढून बसावयास उंच जागा ठेवितो, दोघांचें अन्न दूर दूर मांडितो, आणि दिवसेंदिवस तें अंतर कमी करितो. कुत्रा गुरगुरला म्हणून मांजरास हाकलीत नाहीं. कुत्रा पूर्वीं आला हें खरें, परंतु घर धन्याचें आहे.

पौलानें इफिस येथील मंडळीस हेंच शिकविलें. यहूदी जवळचे होते, विदेशी दूरचे होते. ख्रिस्तानें वधस्तंभावर मधली भिंत पाडून दोघांस एका घरचे केलें. मग आपल्या मंडळींत ती भिंत पुनः कोण बांधितो? दोन वाड्यांचीं कुटुंबें उपासनेस एका छपराखालीं येतात, पण बसतात निरनिराळीं. प्रभुभोजनाचा प्याला दुसऱ्या वाड्यांतील बंधूच्या हातून घेण्याची वेळ आली म्हणजे कोणी मागें सरतो. नव्यानें आलेल्याचें बोलणें-चालणें निराळें दिसलें कीं आपण तोंड फिरवितों. बंधूंनो, आपण तरी कोणत्या हक्कानें आंत आलों? धन्यानें कृपेनें घेतलें म्हणूनच ना?

उपदेशकांनो, शब्बाथशाळेंत दोन्ही वाड्यांचीं मुलें एका चटईवर बसवा. लहानपणीं जुळलेलें सख्य टिकतें. वडील माणसांस एकमेकांच्या घरीं जेवावयास न्या, आणि प्रथम आपण स्वतः जेवा. घाई करूं नका. परंतु आजचें अंतर उद्यां तसेंच राहूं देऊं नका. मुके प्राणी हें शिकतात. आपण तर देवाच्या प्रतिरूपाचीं मनुष्यें आहों, आणि आपणांस प्रभूचा आत्मा मिळाला आहे. तो आपणां सर्वांस साहाय्य करो. आमेन.