पिसलेला कॅट आणि प्रारब्ध

मनुष्याच्या यशापयशाला दैव कारण की पुरुषकार, हा भारतीय तत्त्वचिंतनातील फार जुना वाद आहे. तो समजावून सांगताना ग्रंथकारांनी रथाच्या दोन चाकांपासून धनुष्यातून सुटलेल्या बाणापर्यंत अनेक दृष्टांत योजले असले, तरी यश मिळाल्यावर त्यातला कोणता अंश कोणाचा हे वेगळे काढून मोजण्याची सोय त्या दृष्टांतांत सहसा नसते. अशी सोय असलेला एक नमुना विसाव्या शतकाच्या अखेरीस अनपेक्षित ठिकाणाहून, म्हणजे पत्त्यांच्या एका खेळातून, उपलब्ध झाला. संग्रहणीय पत्त्यांचे खेळ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकारात खेळाडू स्वतः पत्ते जमवतो, त्यांतून स्वतःचा कॅट बांधतो आणि मग तो पिसून त्याच्या स्वाधीन होतो. बांधणे आणि पिसणे या दोन क्रियांच्या मधल्या जागेत वरील वादाचे बरेचसे मर्म सापडते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

या प्रकारातील पहिला आधुनिक खेळ ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा होय. क्रमचय व संचय यांचा अभ्यास करणाऱ्या गणितशाखेत संशोधन केलेल्या रिचर्ड गारफिल्ड यांनी तो रचला आणि विझार्ड्स ऑफ द कोस्ट या अमेरिकी कंपनीने 1993 साली तो बाजारात आणला. पत्त्यांच्या जुन्या खेळांत कॅट हा सर्वांचा सामाईक असतो. 52 पानांचा नेहमीचा कॅट असो किंवा सावंतवाडीची दहा अवतारांची 120 पानांची गंजिफा असो, डाव मांडण्यापूर्वी त्यात काय आहे हे सर्व भिडूंना सारखेच ठाऊक असते आणि वाटणी होईपर्यंत कोणाचेच काही नसते. गारफिल्ड यांनी हा सामाईकपणा मोडला. प्रत्येक भिडू आपला स्वतंत्र कॅट, म्हणजे खेळाच्या परिभाषेत ‘डेक’, घेऊन येतो. डेकमधून सुरुवातीला सात पाने हातात येतात आणि पुढे दर पाळीला सामान्यतः एक. प्रतिपक्षाचे 20 जीवनांक शून्यावर आणणे हे प्रमुख उद्दिष्ट असून त्यासाठी लागणाऱ्या मंत्रांची व प्राण्यांची किंमत ‘माना’ नावाच्या शक्तीने चुकवावी लागते. ही माना मुख्यतः जमिनीच्या पानांतून, म्हणजे ‘लँड’मधून, मिळते आणि पाळीला एकच जमीन मांडता येते. माना हा शब्दही धर्माभ्यासाला परका नाही. पॅसिफिक महासागरातील बेटांवरच्या भाषांतून तो आला असून, वस्तूत आणि व्यक्तीत वसणाऱ्या अदृश्य सामर्थ्याचा वाचक म्हणून 1891 साली प्रसिद्ध झालेल्या कॉड्रिंग्टन यांच्या मेलानेशियाविषयक ग्रंथाने तो युरोपीय विद्वानांच्या चर्चेत आणला.

डेक कसा बांधावा हे शिकणाऱ्या नवख्या खेळाडूची पहिली अडचण बुद्धीची नसते, मोहाची असते. जमवलेले प्रत्येक आवडते पान त्याला डेकमध्ये हवे असते. नेहमीच्या स्पर्धांत डेकमध्ये किमान 60 पाने असावी लागतात आणि मूलभूत जमिनी वगळता एका पानाच्या चारांहून अधिक प्रती ठेवता येत नाहीत. कमाल संख्येवर मात्र व्यवहारात बंधन नाही, आणि नवख्याचा डेक म्हणूनच फुगत जातो. येथे गणित निर्दयपणे बोलते. 60 पानांच्या डेकमध्ये एखाद्या पानाच्या चार प्रती असतील, तर पहिल्या सात पानांत त्यांतली किमान एक येण्याची शक्यता सुमारे 40 टक्के असते. केवळ आवड म्हणून आणखी 20 पाने वाढवून डेक 80चा केला, तर तीच शक्यता सुमारे 31 टक्क्यांवर उतरते. म्हणजे जे पान मुळीच काढून टाकलेले नाही, तेही शेजारी आणखी काही ठेवल्यामुळे हातून निसटू लागते. परिग्रहाने, म्हणजे वस्तू धरून ठेवण्याच्या वृत्तीने, धरलेलीच वस्तू दुरावते हे व्रतविचारात सांगितले जाते ते बहुधा श्रद्धेने स्वीकारले जाते. डेक बांधणाऱ्याला ते टक्क्यांत दिसते. अनुभवी खेळाडू 60च्या वर एक पानही सहसा जाऊ देत नाहीत, आणि त्यांच्या कौशल्याचा मोठा भाग काय घ्यावे यापेक्षा काय सोडावे हे ओळखण्यात असतो.

जमिनींची संख्या ठरविणे हा या कलेचा दुसरा आणि अधिक खोल भाग आहे. जमिनी कमी ठेवल्या तर हातातील बलाढ्य पाने नुसती पडून राहतात, जास्त ठेवल्या तर शक्ती असूनही तिचा विनियोग करण्यासारखे काही उरत नाही. 60पैकी 24 जमिनी हे बऱ्याच डेकांना मानवणारे प्रमाण आहे. तरीही चांगल्या रीतीने पिसलेल्या अशा डेकच्या पहिल्या सात पानांत एकही जमीन नसणे किंवा एकच असणे, हे सुमारे 14 टक्के वेळा, म्हणजे साधारण सात हातांपैकी एका हातात घडते. बांधणी निर्दोष असूनही हा सातवा हात येतोच. दैवाचा सगळा प्रश्न या सातव्या हाताभोवती फिरतो.

कर्मविपाकाच्या, म्हणजे कर्माचे फळ कसे पिकते याच्या, परंपरागत मांडणीत कर्माचे तीन भेद सांगितले जातात. आजवर साठलेले ते संचित, त्यांपैकी ज्याचे फळ भोगण्यास सुरुवात झाली ते प्रारब्ध आणि सध्या केले जात आहे ते क्रियमाण. बांधलेला डेक हे संचित, हातात आलेली पाने हे प्रारब्ध आणि प्रत्यक्ष खेळी हे क्रियमाण, अशी जुळणी चटकन सुचते, पण ती तेवढ्यावर सोडणे बरे नव्हे. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’च्या कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य या दहाव्या प्रकरणात क्रियमाण हा तिसरा भेद नाकारला असून, वेदान्तसूत्रांना अनुसरून प्रारब्ध आणि अनारब्ध, म्हणजे ज्याचे फळ सुरू झाले ते आणि ज्याचे अजून सुरू व्हावयाचे आहे ते, असे दोनच भेद ग्राह्य धरले. खेळाच्या दृष्टीनेही ही विभागणी अधिक नेमकी ठरते. हातात न आलेल्या पानांचा गठ्ठा पालथा पडलेला असतो. त्यातील प्रत्येक पान खेळाडूनेच निवडलेले असते, पण कोणते केव्हा वर येईल हे त्याला माहीत नसते, आणि म्हणून ते त्याचे असूनही अद्याप त्याच्यापुरते घडलेले नसते. अनारब्ध या संज्ञेचा याहून स्वच्छ अर्थ दाखविणे कठीण आहे.

योगवासिष्ठाची भूमिका याहून कडक आहे. त्या ग्रंथाच्या मते दैव नावाचे स्वतंत्र काही नसतेच. मागच्या प्रयत्नालाच लोक दैव म्हणतात, आणि आजचा प्रयत्न व कालचा प्रयत्न दोन एडक्यांप्रमाणे एकमेकांशी टक्कर घेत असून ज्याचे बळ अधिक तो जिंकतो. डेक बांधणाऱ्याला या विचारात पुष्कळ तथ्य आढळेल. नवखा खेळाडू ज्याला फुटके नशीब म्हणतो, ते बहुतेक वेळा त्यानेच आठवडाभरापूर्वी घेतलेल्या निर्णयाचे फळ असते. जमीन आली नाही असे तो म्हणतो तेव्हा त्याच्या डेकमध्ये 24ऐवजी 18च जमिनी असतात. दैव म्हणून वाट्याला येणाऱ्या गोष्टीत आपलाच विसरलेला हात ओळखता येणे, हे या खेळाच्या शिक्षणातील पहिले प्रौढपण होय.

तथापि योगवासिष्ठाचा सिद्धान्त शेवटपर्यंत नेला, तर तो सातव्या हाताशी येऊन अडतो. दोन खेळाडूंनी तंतोतंत सारखे डेक बांधले, दोघांनी सारख्याच काळजीने पिसले आणि एकाला तीन जमिनींचा तर दुसऱ्याला बिनजमिनीचा हात आला, तर या भेदाला कोणाचाही पूर्वप्रयत्न कारण नसतो. त्यातही स्पर्धेच्या नियमांनुसार खेळाडूने स्वतः पिसल्यावर डेक प्रतिपक्षापुढे ठेवावा लागतो आणि प्रतिपक्षालाही तो पिसता येतो. काही नवखे पिसण्यापूर्वी दर दोन पानांमागे एक जमीन अशी रचना करून ठेवतात. जाणते त्यांना सांगतात की त्यानंतर नीट पिसले तर ती रचना व्यर्थ आहे आणि नीट पिसले नाही तर ती लबाडी आहे. या दोन पर्यायांत तिसरा नाही. यदृच्छा, म्हणजे कारणहेतूविना घडणारा योग, हा येथे खेळाचा दोष राहत नाही, तो प्रामाणिकपणाची अट होऊन बसतो. म्हणूनच प्रत्येक अपयशामागे अपयशी माणसाचेच जुने कर्म शोधणारा विचार अपुरा आहे, आणि तो दुःखिताला ऐकविला जातो तेव्हा अन्यायकारकही आहे. जबाबदारी पिसण्यापर्यंत पोहोचते आणि तेथे थांबते. तिला पुढे रेटणारा माणूस दुसऱ्याच्या दुःखाचा हिशेब स्वतःच्या समाधानासाठी जुळवीत असतो.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगताना अधिष्ठान, कर्ता, करण व नाना प्रकारच्या चेष्टा यांच्यानंतर पाचवे स्थान दैवाला दिले आहे. ते पहिलेही नाही आणि गाळलेलेही नाही, ही मांडणी या संदर्भात सर्वांत समतोल वाटते.

दैवाशी वागण्याची एक विद्या असू शकते ही जाणीवही परंपरेला होती. महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानात द्यूतात सर्वस्व हरलेला नल बाहुक नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. वाटेत एका बेहड्याच्या झाडावरील पाने व फळे किती, याचा आकडा राजा रथातूनच सांगतो. नल उतरून फळे मोजतो आणि आकडा बरोबर निघतो. आपली अश्वविद्या देण्याच्या बोलीवर नल राजाकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, शिकतो आणि त्याच क्षणी त्याच्या देहात शिरलेला कली बाहेर पडतो. प्राचीन काळी बेहड्याची फळेच फासे म्हणून वापरली जात, हे लक्षात घेतले म्हणजे या कथेची अर्थघनता कळते: फाशाचे मर्म मोजण्यात आहे असे ती सुचविते. इयान हॅकिंग यांनी संभाव्यतेच्या कल्पनेच्या उगमावरील 1975च्या ग्रंथात या कथेची दखल घेतली ती याच कारणासाठी. अक्षहृदय मिळाल्याने फासे नलाच्या आज्ञेत येतात की त्यांच्या स्वभावाशी त्याची ओळख होते, याविषयी मतभेद संभवतो. पण मोजता येऊ लागल्यावर कलीचा संचार सरतो, हा कथेतील क्रम डेक बांधणाऱ्याला परिचयाचा वाटेल. शक्यतांचा हिशेब शिकल्याने वाईट हात येणे थांबत नाही. वाईट हात आपल्याविरुद्ध कोणीतरी धाडला आहे, हा भ्रम मात्र थांबतो.

या खेळाच्या मूळ नियमांत द्यूताचा एक अंश उघडच होता. प्रत्येक डावापूर्वी दोघांनी आपापल्या डेकमधील एक पान पणाला लावावे आणि विजेत्याने दोन्ही न्यावीत, असा तो नियम. जुगाराशी असलेल्या साधर्म्यामुळे तो लवकरच मागे पडला आणि त्याच्याशी निगडित पाने स्पर्धांतून वर्ज्य झाली. पैशाचा अंश मात्र राहिलाच. आत काय आहे हे न कळता पाकिटे विकत घ्यावी लागतात, दुर्मिळ पानांची किंमत चढते आणि ज्याच्यापाशी धन अधिक त्याचे संचित अधिक, अशी स्थिती येते. मोजके पत्ते घेऊन बसलेल्या मुलासमोर महागडा डेक येतो तेव्हा त्याचा पराभव दैवाचाही नसतो आणि पुरुषकाराचाही नसतो. दैव व पुरुषकार यांच्या जुन्या चर्चेत या तिसऱ्या कारणाला स्वतंत्र नाव मिळाले नाही आणि ते बहुधा दैवातच जमा झाले, ही त्या चर्चेतील खरी उणीव आहे. ‘ड्राफ्ट’ या प्रकारात सर्वजण सारखीच पाकिटे फोडतात, एकेक पान उचलून उरलेली शेजाऱ्याकडे सरकवतात आणि त्यातूनच 40 पानांचा डेक बांधतात. तेथे ही विषमता बरीच कमी होते.

हात वाईट आला तर काय, या प्रश्नाचे उत्तर खेळाच्या रचनाकारांनी वेळोवेळी बदलले आहे. हात परत करून नवा घेण्याच्या सवलतीला ‘मलिगन’ म्हणतात. आरंभी ती केवळ सर्व जमिनींच्या किंवा बिनजमिनीच्या हाताला होती. 1997 पासून कोणताही हात परत करता येऊ लागला, पण दर वेळी एक पान कमी घ्यावे लागे. 2015 साली कमी पानांवर राहणाऱ्यास डेकचे वरचे एक पान पाहून हवे तर तळाशी सारण्याची मुभा मिळाली. आणि 2019 पासून दर वेळी पूर्ण सात पाने घेऊन, जितक्यांदा हात परत केला तितकी पाने स्वतः निवडून डेकच्या तळाशी ठेवता येतात. शास्त्रांच्या मते प्रारब्ध सुटलेल्या बाणासारखे असून ते भोगूनच संपते, आणि जन्माला येणाऱ्या जीवाला हा हात चालेल का, असे कोणी विचारीत नाही. माणसांनी स्वतः एक छोटे विश्व रचले तेव्हा मात्र डाव सुरू होण्यापूर्वी हा प्रश्न विचारण्याची व्यवस्था त्यांनी केली, आणि 2019पर्यंत तिची अट तीनदा सैल केली. सात पाने हातात धरून खेळाडू क्षणभर थांबतो, समोरचाही थांबतो, आणि ‘ठेवतो’ किंवा ‘परत करतो’ असे काहीतरी उच्चारल्यावाचून पहिली पाळी सुरू होत नाही.