पद नसतानाचा उमेदवार

‘निष्कलंक’, ‘कार्यतत्पर’, ‘जनसेवक’ ही विशेषणे आज प्रत्येक प्रचारपत्रकावर असतात. पण उमेदवाराची मूल्ये ओळखायची कशी? गेल्या सव्वाशे वर्षांत या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने आणि देशाने टप्प्याटप्प्याने घडवले आहे.

पहिले उत्तर होते व्रताचे. १९०५ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. देशाचे हित आधी, स्वतःसाठी पैसा मिळवायचा नाही, कोणाशी व्यक्तिगत भांडण नाही, अशी शपथ सदस्य घेत. सार्वजनिक कामाआधी त्यांनी काही वर्षे अभ्यास करावा, असाही दंडक होता. गोखले स्वतः तसेच वागले. कायदेमंडळातल्या अर्थसंकल्पावरील त्यांच्या भाषणांमागे आकडेवारीची कठोर मेहनत असे. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक त्यांनी १९११ साली मांडले. सरकारने ते फेटाळले, तरी शिक्षणाचा आग्रह त्यांनी सोडला नाही. मात्र त्या काळी मताधिकार मूठभरांचा होता. सेवकाची परीक्षा घेणारा मुख्यतः त्याचा विवेकच.

प्रौढ मताधिकार आला आणि १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून ही परीक्षा मतदाराच्या दारात आली. गोरेगावात मृणाल गोरे पाण्यासाठी झगडल्या, महागाईविरुद्ध लाटणी घेतलेल्या बायकांसोबत रस्त्यावर उतरल्या. लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हटले. हे बिरूद कोणत्याही पक्षाला छापून वाटता आले नसते. सांगोल्यासारख्या दुष्काळी तालुक्याने शेतकरी कामगार पक्षाच्या गणपतराव देशमुखांना अकरा वेळा विधानसभेत पाठवले. एसटीने फिरणारे हे आमदार १९९५ साली हरले, पण तालुका आणि पक्ष दोन्ही त्यांनी सोडले नाहीत. १९९९ साली मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिले.

पुढे मतदारसंघ फुगले, पैसा वाढला, ओळखीची जागा फलकांनी घेतली. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली उमेदवाराची मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि फौजदारी प्रकरणे जाणून घेण्याचा मतदाराचा हक्क मान्य केला. ही माहिती देणारे शपथपत्र हे लोकशाहीच्या हातातले मोठे साधन आहे आणि ते प्रत्येकाने वाचायलाच हवे. तरीही उमेदवाराकडे काय आहे एवढेच त्यातून कळते. तो कोणासाठी उभा राहिला, याचा रकाना त्यात नाही.

म्हणून ही तिन्ही उत्तरे एकमेकांना जोडून घ्यायला हवीत. गोखल्यांचा अभ्यास, गोरेगाव-सांगोल्याची जवळीक आणि शपथपत्राची पारदर्शकता यांपैकी एकही वगळून भागणार नाही. यांना बांधणारी कसोटी मला एकच दिसते: पद नसताना हा माणूस काय करत होता? सत्तेत असताना केलेल्या कामामागे निधी असतो, यंत्रणा असते, श्रेयाची आशाही असते. पराभवानंतरच्या पाच वर्षांत यातले काहीच नसते. तेव्हा जो ग्रामसभेला येतो, टँकर वेळेवर यावा म्हणून तहसीलदाराकडे पाठपुरावा करतो, त्याची सेवा निवडणुकीसाठी जन्मलेली नसते. प्रचारफेरी दारात आली की प्रत्येक मतदाराने उमेदवाराला त्या वर्षांचा हिशेब विचारावा. तो मागणे हा आपला अधिकार आहे, तितकेच आपले कर्तव्यही.