एक्का सरकवणारा बुलडॉग

1760च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरीने लाकडावर नकाशे चिकटवून ते देशांच्या सीमारेषांवरून कापले. मुलांना भूगोल शिकवणारा तो लाकडी जिगसॉ. आज वाढदिवसाच्या भेटीतल्या जिगसॉवर मात्र कुत्री पत्ते खेळत बसलेली दिसतात.

मूळ चित्रं अमेरिकन चित्रकार कॅसियस कूलिजची. 1903च्या ‘अ फ्रेंड इन नीड’मध्ये एक बुलडॉग टेबलाखालून आपल्या दोस्ताला पंजाने एक्का सरकवतो. नेमका तोच तुकडा जागेवर बसला की जुळवणाऱ्याला हसू फुटतं.

हसू कुणाचं? लबाडी तर माणसाची, कुत्र्याच्या अंगावर नुसती चढवलेली. तत्त्वज्ञ कांटच्या मते प्राण्यांप्रति माणसाचं थेट कर्तव्य नसतं. म्हाताऱ्या इमानी कुत्र्याला सांभाळायचं, ते स्वतःची माणुसकी बोथट होऊ नये म्हणून. म्हणजे तिथेही कुत्रा आपला आरसाच!

हे उत्तर तोकडं आहे. तत्त्वज्ञ बेंथमने 1789मध्ये प्रश्नच बदलला: प्राण्याला बुद्धी आहे का हे सोडा, त्याला यातना होतात का ते बघा. चित्रातल्या बुलडॉगला होत नाहीत. खऱ्या बुलडॉगला मात्र चपट्या नाकामुळे श्वास घेताना त्रास होतो, आणि ते गमतीदार थोबाड माणसानेच हौसेखातर पिढ्यान्‌पिढ्या पैदाशीतून घडवलं आहे.