न आलेलं पत्र

झरी, ता. परभणी

चि. चिऊस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. एकदा स्वतःशी वाचलं, मग आजीला मोठ्यानं वाचून दाखवलं. कामाच्या जागी माणसामाणसांत होणारा भेद आणि तिथं माणसाला येणारं बळ, हाच मानसशास्त्रात जन्मभराचा विषय करायचा म्हणतेस. लेकरा, आम्हा दोघांना फार बरं वाटलं. तुझ्या मनाच्या सरळपणाची काळजी मला कधीच नव्हती. काळजी लागली ती एका ओळीनं, फोनवर प्रश्नावली पाठवली आणि दोन दिवसांत दोनशे उत्तरं आली, या. इतक्या लवकर कोण गं आपल्या मनातलं सांगतं?

सुखदेव थोरात अर्थशास्त्राचे, पण त्यांचं काम तू आधी वाच. अमरावती जिल्ह्यातले, शिकले आपल्या औरंगाबादला, बाबासाहेबांच्या मिलिंद महाविद्यालयात. त्यांनी आणि पॉल अटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या खाजगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. ६६ आठवडे हे चाललं होतं. पात्रता तोडीस तोड, नावं मात्र वेगवेगळी. २००७ साली निष्कर्ष छापून आले: सवर्ण नावाच्या मानानं दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश, मुस्लिम नावाला एक-तृतीयांशच. तुझ्या आडनावामुळे तुला बोलावलं नाही, असं कुणी कुणाला कळवत नाही, बाळा. नुसतं पत्रच येत नाही. न आलेलं पत्र मोजायचं, तर सव्वा वर्ष धीर धरावा लागतो.

ग्रेचेन स्प्रायट्झर यांनी १९९५ साली मांडलेल्या चार गोष्टी तू लिहिल्यास: काम मोलाचं वाटणं, ते जमतं हा भरवसा, कसं करायचं ते स्वतः ठरवता येणं, आणि आपल्यामुळे काही फरक पडतो ही खात्री. सोयाबीन निंदायला येणाऱ्या बायांकडे बघून मी त्या ताडून पाहिल्या. काम त्यांना माझ्याहून चांगलं येतं. पण पात कुठून धरायची, पाणी प्यायला कधी उठायचं, ते मुकादम ठरवतो. गेल्या पावसाळ्यात, चौथ्या दिवशी, बांधावर भाकरी खाताना एक जण हळूच म्हणाली, ‘काका, वरच्या अंगानं पात धरली तर तोवर खालचा चिखल वाळंल.’ तीन वर्षं तिला ते ठाऊक होतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

दिवाळीत कापूस वेचायला ये. बाया सातला वाटेला लागतात, म्हणून पहाटेच ऊठ, त्यांच्यासोबत पायी जा. वही विकत घेऊ नकोस. जुन्या वह्यांची कोरी पानं शिवून आजीनं तुझ्यासाठी एक करून ठेवली आहे. पण पहिले तीन दिवस ती पिशवीतच राहू दे.

तुझे
आजोबा